सत्तावीस नंबरचा रिपोर्ट

"उद्या अकराला या म्हणाले," खोडके सर मॅजिस्ट्रेटच्या दालनातून बाहेर येत म्हणाले. "म्हणाले, तोवर विचार करा. नऊ महिने मी दुसरं काय करतोय?"

ॲडव्होकेट रझिया काझी हसल्या. "सर, ती पद्धत आहे. कबुलीजबाब नोंदवण्याआधी एक दिवस देतातच. कुणी धमकावून तर आणलं नाही ना, हे बघायला."

"धमकावलं तर आहेच. तुम्ही आणि आमच्या हिनं."

"मग उद्या तसं सांगा आत," काझी मॅडम म्हणाल्या, आणि मग हसू आवरून त्यांनी सरांचा हात धरला. "एक मात्र पुन्हा सांगते. माफीचा साक्षीदार व्हायचं तर अट एकच. जे माहीत आहे ते सगळं, आणि खरं. काही लपवलं, किंवा पदरचं काही घातलं, की माफी रद्द. मग तुमचा हाच कागद तुमच्या विरोधात वापरतील आणि तुम्ही पुन्हा आरोपी. सात वर्षं, सर. कमी नाही."

सरांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बोंडे, चल घरी. यादी करायची आहे."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि जिल्ह्याच्या बांधकाम खात्याच्या छोट्याशा लॅबमध्ये अडीच वर्षं कंत्राटी सहायक होते. सर तिथले प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, ते, मी आणि एक शिपाई. बांधकामाच्या जागेवरून काँक्रीटचे ठोकळे यायचे, वीतभर लांबी-रुंदी-उंचीचे. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती वजनाला फुटले ते रजिस्टरमध्ये लिहायचं. मला हे काम फार आवडायचं. ठोकळा फुटण्याआधी एक बारीक किरकिर ऐकू येते. ती ऐकून सर काट्याकडं न बघता आकडा सांगायचे, आणि पाच-दहाच्या फरकानं तो बरोबर निघायचा.

याच रजिस्टरमधले एक्केचाळीस रिपोर्ट खोटे होते. चौदा गावांतल्या पाण्याच्या टाक्यांचे. कंत्राटदार बांधकाम सभापतींचा साळा होता. सभापतींना सगळा जिल्हा भाऊ म्हणायचा. ठोकळे कच्चे निघाले की भाऊंचा फोन यायचा आणि सर आकडे मनानं लिहायचे. मग पिंपळझऱ्याची टाकी एका सकाळी खाली आली. खाली हिरामण नावाचा माणूस नळाला पाणी सोडत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. भाऊ पहिले आरोपी, सर चौथे. मला पोलिसांनी एकदा बोलावलं होतं. मी म्हणाले, सगळं सर बघायचे, मला काही माहीत नाही.

सरांच्या घरी समोरच्या खोलीत जेवायच्या टेबलावर आम्ही रिपोर्टच्या झेरॉक्स पसरल्या. सर सांगत होते आणि मी लिहीत होते. तारीख, गाव, ठोकळे खरे किती वजनाला फुटले, लिहिले किती, कुणी सांगितलं.

"पंधरा. बोरखडी. खरे तीनशे दहाच्या आसपास. लिहिले सातशे तेवीस, सहाशे सत्त्याण्णव, सातशे एक्केचाळीस."

"सर, तुम्हाला खरे आकडे आठवतात?"

"खोटे रजिस्टरमध्ये आहेत. खरे ठेवायला दुसरी जागा कुठं होती?" ते म्हणाले आणि डोक्याला बोट लावलं.

काकूंनी फोडणीची पोळी आणून ठेवली. मी खात खात लिहीत होते, आणि लिहिता लिहिता माझं लक्ष आकड्यांवर गेलं. सवयच ती. सरांच्या खोट्या आकड्यांना एक चेहरा होता. शेवटी तीन, सात, एक, नऊ. शून्य नाही, पाच नाही. एकच अंक लागोपाठ दोनदा कुठंच नाही. मनानं आकडे लिहिणाऱ्या माणसाला वाटतं, शून्य-पाच लिहिले तर खोटेपणा दिसेल. म्हणून तो ते टाळतो, आणि त्यानंच तो दिसतो. मी हे सरांना सांगितलं.

"म्हणजे खोटं बोलायचीसुद्धा माझी लायकी नव्हती," सर म्हणाले. आतून काकू हसल्या.

"पुढं. सत्तावीस. पिंपळझरा. चौदा मार्च. खरे दोनशे नव्वद. लिहिले सातशे पंचावन्न, सातशे वीस, सातशे चव्वेचाळीस. भाऊंचा फोन. आकडे मी स्वतः लिहिले."

माझं पेन थांबलं.

"सर, सत्तावीस..."

"माझा आहे."

"चौदा मार्चला तुम्ही नागपूरला..."

"माझा आहे म्हटलं ना. सही कुणाची आहे खाली? लिही."

सही त्यांचीच होती. आकडे माझे होते.

त्या दिवशी काकूंचं ऑपरेशन होतं आणि सर दोन दिवस आधीच नागपूरला गेले होते. शिपाई रजेवर. पिंपळझऱ्याचे ठोकळे मी एकटीनं फोडले. पहिला दोनशे नव्वदला गेला. किमान पावणेसातशे हवे होते. दुसरा, तिसरा तसेच. मी मशीन पुन्हा तपासत होते तेवढ्यात फोन वाजला.

"खोडके कुठं आहेत?"

"सर नागपूरला आहेत. आपण?"

"मी भाऊ बोलतो, बेटा. पिंपळझऱ्याचं आज पाठवायचं आहे. खोडकेंना दवाखान्यात त्रास नको देऊ. मागच्यासारखंच करून टाक. जमते न तुला?"

मी "हो" म्हणाले. एवढंच. त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला, पण तेव्हा काहीच केला नव्हता. सरांना दवाखान्यात त्रास नको, हे मला पटलं होतं. मी कॅल्क्युलेटरवर रँडमची कळ दाबून शेवटचे अंक काढले, म्हणजे ते खऱ्यासारखे दिसतील. तीन दिवसांनी सर परत आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खरा आकडा विचारला. मी तो सांगितला, भाऊंचा फोन आला होता एवढं म्हणाले, आणि त्यांनी सही केली. नंतर चहा पिताना एवढंच म्हणाले, "पुन्हा असा फोन आला तर म्हणायचं, सर आल्यावर."

आता टेबलाशी बसून मला दोन गोष्टी एकदम कळल्या. सर मला वाचवत होते, आणि मला ते हवं होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं होतं. पोलीस पडताळणीचा फॉर्म बॅगेत होता.

मी लिहिलं. सत्तावीस, पिंपळझरा, आकडे स्वतः लिहिले. अक्षर चांगलं आलं होतं.

यादी पूर्ण झाली तेव्हा सहा वाजले होते. सर अंगणात झाडांना पाणी घालायला गेले. काकू ताटली उचलायला आल्या आणि यादीवर वाकल्या. त्या चष्म्याशिवाय वाचत, कागद लांब धरून.

"चौदा मार्च," त्या म्हणाल्या. "हा तर माझ्या ऑपरेशनचा दिवस."

मी झेरॉक्स गोळा करायला लागले.

"नर्स म्हणाली, केस बांधून या. माझा हात वर होईना. मग यांनी वेण्या घातल्या. दोन. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. अख्खा वॉर्ड हसला, आशू." त्यांनी कागद खाली ठेवला. "दवाखान्यात त्या दिवशी सह्यापण घेतल्या यांच्या. तीन-चार कागदांवर. वेळ टाकून."

बाहेर पाइपचं पाणी कुंडीवर पडत होतं.

"भाऊंचे वकील नागपूरहून येतात म्हणे," काकू म्हणाल्या. "हुशार असतील."

"हो काकू."

"तुरुंगात भेटायला कधी सोडतात गं? रोज की आठवड्यातून?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. खरोखर माहिती विचारत होत्या, बसचं टाइमटेबल विचारावं तशी.

"तू जेवून जा," त्या म्हणाल्या. "वांग्याची भाजी टाकते."

मी जेवले नाही.

सकाळी साडेनऊला मी तपास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात होते. इंगोले मॅडम नुकत्याच आल्या होत्या, केसांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं.

"मला माझा जबाब बदलायचा आहे," मी म्हणाले. "आधी मी खोटं सांगितलं होतं."

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "खोडकेंनी पाठवलं?"

"नाही. त्यांना कळलं तर ते मला घराबाहेर काढतील."

"घरच्यांना सांगितलंस?"

"संध्याकाळी सांगीन."

त्यांनी समोरची खुर्ची ओढली. मग म्हणाल्या, "बस. तुझ्यावर काय होऊ शकतं ते आधी सांगते. ते ऐकून उठून गेलीस तरी चालेल."

मी उठले नाही. मी सगळं सांगितलं. फोन, बेटा, कॅल्क्युलेटर. माझा हिशोब सोपा होता. तासाभरात जबाब होईल, साडेदहाला कोर्ट गाठायचं, सर आत जायच्या आधी त्यांना सांगायचं की सत्तावीस नंबर खोडा, मी बोलून आले. पण टाइप करणारा हवालदार दोन बोटांनी टाइप करायचा. मग प्रिंटर अडला. मग इंगोले मॅडमनी तिसरं पान पुन्हा वाचलं आणि भाऊंचं बोलणं शब्दशः लिहायला लावलं. शेवटची सही केली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. सरांचा फोन बंद. मी रिक्षातून उतरून कोर्टाचा जिना चढले तेव्हा दालनाचं दार बंद होतं आणि बाहेर काझी मॅडम एकट्या बसल्या होत्या.

"सर?"

"आत. पंधरा मिनिटं झाली. तू धापा काऊन टाकतेस?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं त्या शाबासकी देतील. त्यांचा चेहरा उतरला.

"काल का नाही सांगितलंस मला?"

"काल ठरलं नव्हतं."

"अगं, विचार कर. तुझ्या कागदात सत्तावीस तुझा. त्यांच्या यादीत सत्तावीस त्यांचा. दोन्ही कागद एकाच फायलीत जाणार. एक खरा ठरला की दुसरा खोटा." त्या थांबल्या. "आणि खरा तुझा आहे."

ही एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी आयुष्यभर आकडे पडताळत आले होते. सरांना वाचवायला म्हणून मी निघाले, आणि सर आत मला वाचवत असतील तर त्यांना तुरुंगात पाठवणारा कागद मी स्वतः सही करून आले होते.

"तुम्ही आत जा ना मॅडम. एक मिनिट."

"कबुलीजबाब चालू असताना कुणी जात नाही. पोलीस नाही, वकील नाही. चिठ्ठीसुद्धा नाही."

दारापाशी स्टुलावर शिपाई बसला होता. मी त्याच्याकडं गेले. "दादा, आत कितवा नंबर चालू आहे?"

"कशाचा नंबर, ताई?"

"ते बोलतायत ना, त्याचा."

"मले काय माहीत? दार बंद हाय न. बसा तिकडं."

मी बसले. आणि दुसरं काही सुचेना म्हणून हिशोब करत राहिले. मॅजिस्ट्रेटसाहेब आधी समज देणार, नाव-गाव, हकीकत, त्याला अर्धा तास. मग एक्केचाळीस रिपोर्ट. एकाला दोन मिनिटं धरली तर सत्तावीस नंबर साडेबाराच्या सुमाराला. तीन धरली तर एकच्या आत. म्हणजे अजून वेळ होता, आणि त्या वेळेचा काही उपयोग नव्हता.

साडेबारा वाजले. बारा चाळीस. काझी मॅडमनी पाण्याची बाटली पुढं केली, मी घेतली नाही. बारा सत्तेचाळीसला आतून घंटी वाजली. शिपाई उठून आत गेला, लगेच बाहेर आला आणि पेल्यात पाणी घेऊन पुन्हा आत गेला.

"कुणाला पाणी?" मी विचारलं.

"त्यायले. खोकला लागला." तो पुन्हा स्टुलावर बसला. माझा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "बरे हायत. बसले हायत."

त्यानंतर तासभर दारामागून काहीच ऐकू आलं नाही. दोन वाजायला दहा मिनिटं असताना दार उघडलं.

सर आधी काझी मॅडमकडं गेले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. हातरुमालानं मान पुसली, पुन्हा पुसली. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "बोंडे, इकडं ये."

मी गेले.

"सव्वीसपर्यंत नीट सांगितलं. सत्तावीसला घसाच बसला. साहेबांनी पाणी दिलं. म्हणाले, खोडके, घाई नाही. मी विचार केला, भाऊ फोनवर काय बोलले ते मला कुठं माहीत आहे? मी तिथं नव्हतोच. मी माझं म्हणून सांगितलं, तर तो फोन कुणी ऐकलाच नाही असं होईल. भाऊ सुटतील. आणि मग हिरामणनं त्याचा पाय मागायचा कुणाकडं?" ते माझ्याकडं वळले. "पोरी, मी तुझं नाव घेतलं. मला सोडवून घ्यायला नाही. पण तुला तसं वाटेल, आणि वाटलं तर तुझं चूक नाही. तुझं सगळं वर्ष, पुणं... मला माफ कर."

मी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि रडायला लागले, जोरात, कोर्टाच्या व्हरांड्यात, पक्षकार आणि वकील वळून बघत होते तरी. आयुष्यात कुणी माझं नाव घेतलं म्हणून मला कधी इतका आनंद झाला नाही.

सर घाबरले. "रडू नको. काझी मॅडम आहेत ना, काहीतरी करतील. मी इंगोलेबाईंना हात जोडतो. म्हणतो, लहान आहे, तिला काय कळत होतं..."

"सर, ती सकाळी साडेनऊलाच तिथं गेली. सगळं सांगून आली आहे," काझी मॅडम म्हणाल्या.

सरांचा हात माझ्या डोक्यावर होता तो तसाच राहिला.

पुढचं थोडक्यात. मला आरोपी करायचं की साक्षीदार, हे ठरायला सात महिने लागले. शेवटी साक्षीदार केलं. पुण्याची जागा गेली. पीएच.डी. मी तीन वर्षं उशिरा, दुसरीकडं केली. खटला उभा राहिला तेव्हा भाऊंच्या वकिलांनी नागपूरच्या दवाखान्याचे कागद खरोखरच काढले, अगदी वेळ टाकलेल्या सह्यांसकट. सरांनी ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे साहेब, मी तिथंच होतो. जबाबात लिहिलंच आहे." नंतर माझी उलटतपासणी दोन दिवस चालली. भाऊंना शिक्षा झाली. अपील अजून चालू आहे. सर सुटले, पण पेन्शन अर्धीच मिळाली. गावातले काही लोक त्यांना अजून माफीवाला म्हणतात. काकू म्हणतात, म्हणू दे.

पण मला आठवतो तो त्या दुपारचा व्हरांडा. काझी मॅडमचं वाक्य सरांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हिशोब केला असावा. कारण त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि त्यांनी हात काढून घेतला.

"साडेनऊला? मी आत जायच्या आधी? मला न सांगता?" त्यांचा आवाज चढला. "आणि मी आत तुला झाकलं असतं तर? काय झालं असतं, कळतंय? सात वर्षं! एम.एस्सी. कुणी केलं तुला? एवढं साधं पडताळून बघता येत नाही? आधी मला विचारायचं, मग सही करायची, हे शिकवलं नव्हतं मी?"

"शिकवलं होतं, सर."

"मग?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे!" सर ओरडले. शिपाई स्टुलावरून उठला. साहेबांच्या स्टेनोनं दारातून डोकं बाहेर काढलं. सर थांबायला तयार नव्हते. अडीच वर्षांत ते मला एकदाही रागावले नव्हते. आता सगळं एकदम, माझ्या बेजबाबदारपणापासून मी काल न जेवता गेले इथपर्यंत, भर कोर्टात मोठ्यांदा बोलत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत उभी राहिले. ते संपू नये असं मला वाटत होतं.